पाण्याखाली तोल सांभाळणारं पहिलं जॅकेट

रांझीपासून समुद्र दूर आहे. जबलपूरहून रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि मग रस्त्याने मालवण, असा लांबचा प्रवास. पण समजा, इथल्या एखाद्या मराठी घरातली मुलगी सुट्टीत मालवणला गेली, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली उतरली आणि वर आली ती स्कूबा डायव्हिंगचं वेड घेऊनच. पुढच्या वर्षी रीतसर कोर्स करायचा असं तिने ठरवलं. मग घरात सामानाची यादी निघते. मास्क ठीक आहे, पायात घालायचे फिन्सही ठीक. पण पुढे 'बीसीडी' नावाचं एक जॅकेट असतं आणि त्याची किंमत पाच आकडी असते. बाबा विचारतात, ''अगं, भेडाघाटला बोटीत बसताना देतात ते लाइफ जॅकेट एवढं महाग कसं?''

प्रश्न चुकीचा नाही. मात्र त्यामागचा समज चुकीचा आहे आणि तो कधीकधी जिवावर बेतू शकतो.

लाइफ जॅकेट नव्हे

लाइफ जॅकेटचं काम एकच. माणूस पाण्यात पडला तर त्याला तरंगत ठेवायचं, आणि चांगलं जॅकेट असेल तर शुद्ध हरपली तरी तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. स्कूबाचं जॅकेट हे वचन देत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेल्या जॅकेटवर तशी सूचनाच असते, की हे लाइफ जॅकेट नाही आणि ते तोंड वर ठेवण्याची हमी देत नाही. म्हणून बोटीच्या प्रवासात लाइफ जॅकेट वेगळं हवं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालची मौज संपली म्हणजे धोका संपला असं नसतं.

मग हे जॅकेट करतं काय? ते तोल सांभाळतं. त्यात हवेची पिशवी असते. पाठीवरच्या सिलिंडरमधून एक नळी तिला जोडलेली असते. एक बटण दाबलं की पिशवीत हवा येते, दुसरं दाबलं की बाहेर जाते. हवा भरली की माणूस हलका होतो, सोडली की जड. पट्टीचा डायव्हर ना बुडतो ना तरंगतो. हात न हलवता तो पाण्यात अधांतरी राहतो, खालच्या प्रवाळाला त्याच्या पायाचा धक्का लागत नाही.

ही कल्पना फार जुनी नाही. फ्रान्समधल्या मॉरिस फेंझी यांनी 1961 मध्ये गळ्यात अडकवून फुगवायचं जॅकेट आणलं. 1971 मध्ये स्कूबाप्रो कंपनीने हात घालून अंगात चढवायचं जॅकेट बाजारात आणलं, आणि आजची बहुतेक जॅकेटं त्याच वळणाची आहेत. त्याआधीचे डायव्हर शिशाचं वजन आणि छातीतला श्वास यांच्या भरवशावरच उतरत असत.

शिशाचं आणि हवेचं गणित

दुकानात जाण्याआधी हे गणित घरीच समजून घेतलं पाहिजे. पाण्यात एक लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलून धरते. आणि दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर जॅकेटमध्ये चार लिटर हवा असेल, तर वर येता येता ती फुगून पृष्ठभागाशी आठ लिटर होते. चार किलो उचलणारी हवा आठ किलो उचलू लागते. वेळेवर सोडली नाही तर ती माणसाला बुचासारखी वर फेकते. त्या घाईत कुणी श्वास रोखून धरला, तर फुप्फुसातली हवाही अशीच फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. उथळ पाण्यातही हे घडतं. उलट पहिल्या दहा मीटरांतच हवेचं आकारमान सगळ्यात जास्त बदलतं.

नवखा डायव्हर भीतीपोटी किंवा खाली जाताच येत नाही म्हणून कमरेला शिसं जास्त बांधतो. चार किलो शिसं जादा असेल तर तेवढं तोलायला चार लिटर हवा जादा भरावी लागते. आता वर येताना फुगणारी हवाही तेवढी जास्त. मग तो कधी बुडतो, कधी उसळतो आणि दोष जॅकेटला देतो. दुकानदारही लगेच याहून मोठं, जास्त वजन उचलणारं जॅकेट पुढे करतो. खरं तर कोकणातल्या कोमट पाण्यात, अंगात पातळ वेटसूट आणि पाठीला एकच सिलिंडर असेल, तर बारा ते पंधरा किलो उचलणारं जॅकेट नवख्याला पुरतं. मोठी पिशवी म्हणजे जास्त सुरक्षितता, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

पाण्यातच आणखी एक बदल होत असतो. भरलेल्या साध्या सिलिंडरमध्ये अडीच किलोहून थोडी अधिक हवा असते. ती श्वासाबरोबर संपत जाते, तसा डायव्हर हलका होत जातो. म्हणून वजनाची पारख डाइव्हच्या शेवटी, सिलिंडर रिकामा होत आला असताना करायची.

अंगावर कसं बसतं?

जॅकेटचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिलं अंगाभोवती फुगणारं, शाळांमधून सर्रास भाड्याने मिळणारं. दुसरं फक्त पाठीमागे फुगणारं. ते पाण्याखाली आडवं राहायला सोयीचं, पण पृष्ठभागावर जास्त फुगवलं तर माणसाला पुढे ढकलतं. तिसरं धातूच्या पाठपट्टीला पट्टे आणि हवेची पिशवी जोडलेलं. ते टिकाऊ, अंगाप्रमाणे बेतता येणारं, पण बसवायला कुणी जाणता माणूस लागतो. ज्या प्रकारावर शिक्षण झालं तोच पहिल्यांदा घेणं बरं. घाबरल्या क्षणी हात सवयीच्या जागीच जातो.

प्रकारापेक्षा माप महत्त्वाचं, आणि माप साध्या कपड्यांवर बघायचं नसतं. वेटसूट घालून जॅकेट चढवा, पट्टे आवळा आणि पूर्ण फुगवा. छाती दाबली जात असेल, खोल श्वास घेता येत नसेल तर ते लहान आहे. मग कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात सिलिंडरही तसाच डोलेल. शेवटी डोळे मिटून हवा भरायचं बटण, सोडायचं बटण आणि खांद्यावरच्या व कमरेमागच्या व्हॉल्व्हच्या दोऱ्या चाचपून बघा. न बघता सापडत नसतील तर कितीही सूट मिळो, ते जॅकेट परत ठेवा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग होत नाही.

मुली आणि बायकांच्या वाट्याला बऱ्याचदा पुरुषांचंच लहान माप येतं. ते धडावर लांब पडतं, छातीवरचा पट्टा नको तिथे काचतो. वळवून शिवलेले खांद्याचे पट्टे आणि आखूड पाठ असलेली बायकांची वेगळी जॅकेटं मिळतात. ''चालवून घेऊ'' म्हणायची सवय निदान इथे तरी सोडावी.

शिसं ठेवायचे कप्पे जॅकेटलाच असले तर कंबर मोकळी राहते. मात्र संकटात एका ओढीत ते सुटतात की नाही, हे स्वतः ओढून पाहायला हवं. बाकी डझनभर कड्या, कॅमेऱ्याचे हूक आणि रंगीबेरंगी खिसे यांसाठी पैसे मोजायची पहिल्या वर्षी तरी गरज नसते.

घाई कशाला?

मालवणला हौशी पर्यटक पाण्यात उतरतो तेव्हा जॅकेटचा ताबा प्रशिक्षकाकडे असतो. पर्यटकाने बटण दाबलेलंही नसतं. त्या अनुभवावर खरेदी करणं म्हणजे मागच्या सीटवर बसून स्कूटर पसंत करण्यासारखं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे समुद्राआधी खोल तलावात सराव करून घेतात. कोर्स आणि पुढचे काही डाइव्ह भाड्याच्या जॅकेटवर करावेत. दोन-तीन निरनिराळी जॅकेटं वापरून झाली की आपल्याला काय काचतं ते कळतं. वर्षातून एकदाच चार दिवस समुद्रावर जाणं होणार असेल, तर आधी नीट बसणारा मास्क घ्यावा आणि जॅकेट भाड्यानेच वापरावं.

जुनं जॅकेट स्वस्तात मिळालं तर फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी ढिलं पडलेलं दिसलं तर ते कुठून तरी गळतंय. हवा भरायचं बटण दाबल्यावर अडकून राहतं का, तेही बघा. अडकलेलं बटण पाण्याखाली जॅकेट फुगवतच राहतं. अशा वेळी सिलिंडरकडून आलेली नळी खेचून वेगळी करायची असते. हा सराव कोर्समध्ये दोनदा जास्तच केलेला बरा.

जॅकेट घरी आलं की नर्मदा खुणावू लागते. पण भेडाघाटच्या संगमरवरी खडकांमधला प्रवाह किंवा बरगीच्या जलाशयातलं खोल पाणी ही नवख्याने एकट्याने जॅकेट आजमावायची जागा नव्हे. धुवाँधारला नाण्यांसाठी बुड्या मारणारी मुलं लहानपणापासून त्या पाण्यात वाढलेली असतात. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं, तर मालवणला बरोबर बसलेलं शिसं इथे अडीच किलोने जास्त होतं.

समुद्रावरून परतण्याआधीच जॅकेट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावं. नळीच्या तोंडातून आत पाणी घालून, हलवून, उलटं करून काढून टाकायचं. मीठ वाळून राहिलं तर बटण अडकतं. मग थोडी हवा भरून सावलीत वाळवायचं. जबलपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ते टाकू नये. त्या उन्हाने रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही खराब होतं. कपाटात मोठ्या हँगरला, अर्धवट फुगवून लटकवलेलं चांगलं राहतं, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घेतलं म्हणजे पुढच्या सुट्टीत ते जसंच्या तसं बॅगेत भरता येतं.