ड्वार्फला लाँगबो का नाही?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या १९८१च्या बेसिक नियमपुस्तकात एक छोटीशी अट आहे. ड्वार्फला लाँगबो वापरता येणार नाही. लाँगबो म्हणजे पुरुषभर उंचीचं धनुष्य. हाफलिंगलाही ते नाही. एल्फला मात्र कुठलंही शस्त्र चालतं. क्लेरिकला, म्हणजे देवाच्या नावाने लढणाऱ्या पुरोहिताला, धार किंवा टोक असलेलं सगळंच वर्ज्य. त्यामुळे बाण गेले, गोफण उरली. जादूगाराच्या हाती फक्त खंजीर.

हा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण डीएम होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्राला एक रेस असते (माणूस, सडपातळ एल्फ, बुटका पण दणकट ड्वार्फ, लहान चणीचा हाफलिंग) आणि एक क्लास, म्हणजे त्याचा पेशा. हल्ला करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपले गुण मिळवायचे आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा गाठायचा. पण तलवार चालवायची तर राक्षसाच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं, धनुष्यवाला शंभर फुटांवरून मारतो आणि बहुतेक वेळा सुखरूप राहतो. लांबून मारता येणं हा या खेळातला फार मोठा अधिकार आहे. तो कुणाला द्यायचा आणि कुणाला नाकारायचा, हे म्हणूनच महत्त्वाचं.

मी पुण्यात रविवारी दुपारी शाळकरी मुलांसाठी हा खेळ चालवते. जुन्या नियमांनी खेळून पाहायचं ठरलं तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘ताई, माझी ड्वार्फ तिरंदाज का नाही होऊ शकत? ती काय धनुष्य उचलू शकत नाही?’’ प्रश्न इतका रास्त होता, की त्याचं नीट उत्तर शोधल्याशिवाय मला राहवेना.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तो ‘चेनमेल’ या १९७१च्या मध्ययुगीन युद्धखेळातून वाढला. सुरुवातीला क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. जादूगार पुढे डोंगर हलवणार, मग त्याच्या हाती धनुष्यही दिलं तर लढवय्याने करायचं काय? क्लासवरची बंधनं अशी टेबलावरच्या न्यायासाठी होती, प्रत्येकाला आपलं काम मिळावं म्हणून. ती मला पटतात. पेशा शिकावा लागतो. ज्याने तारुण्य पोथ्यांत घालवलं त्याला तिरंदाजी येणार नाही.

क्लेरिकच्या बाबतीत मात्र इतिहासाचा आधार कच्चा आहे. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जच्या लढाईतला बिशप ओडो हातात सोटा घेतलेला दिसतो, आणि धर्मगुरूंनी रक्त सांडायचं नाही म्हणून ते बोथट शस्त्रं वापरत, ही समजूत त्याच्याशी जोडली जाते. पण फ्रेंच महाकाव्यातला आर्चबिशप टर्पिन भाला आणि तलवार दोन्ही चालवतो. चर्चने लांब पल्ल्याच्या शस्त्रांवर खरोखर घातलेली बंदी वेगळीच होती: ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध क्रॉसबो (चाप दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) आणि साधं धनुष्य वापरायला मनाई केली. आणि ‘क्लास’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने, म्हणजे पैशाच्या उतरंडीवर, इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात १५४१चा कायदा होता. वर्षाला शंभर पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्याला क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगता येत नसे. साध्या माणसाने लाँगबोचाच सराव करावा, अशी राज्याची इच्छा होती.

आता रेसवरची बंधनं. त्यांना ना टेबलावरच्या न्यायाचा आधार, ना शरीराचा, ना ज्या साहित्यातून हे लोक आले त्याचा. टोल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) मर्कवुडच्या अरण्यात झेपावणाऱ्या हरणाला बाण कोण मारतो? थोरिन, ड्वार्फांचा प्रमुख. ‘द रिटर्न ऑफ द किंग’च्या शेवटी आपलं गाव गुंडांकडून सोडवताना हॉबिट लोक, म्हणजे या खेळातले हाफलिंग, धनुष्यं वापरतात. ‘द हॉबिट’मध्ये बाणाने ड्रॅगनला मारणारा बार्ड तर माणूस आहे. धनुष्य एल्फांचंच, हे पुढच्यांनी ठरवलं.

राहिलं शरीर. इंग्लंडच्या ‘मेरी रोज’ या १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या युद्धनौकेत शंभराहून जास्त लाँगबो सापडले. ते पूर्ण ओढायला साधारण ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे काम नाजूक बोटांचं नाही. रुंद पाठ, जाड खांदे, जमिनीत रोवलेले पाय हवेत. थोडक्यात, नियमपुस्तकातल्या चित्रात ड्वार्फ दिसतो तसं शरीर. उंचीचं म्हणाल तर जपानी युमी धनुष्य दोन मीटरहून लांब असतं, त्याची मूठ मध्याच्या बरीच खाली असते आणि सामुराई ते घोड्यावरूनही चालवत. हात आखूड म्हणून बाण कमी ओढला जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर आखूड आणि जाड धनुष्य हा उपाय आहे, बंदी नाही.

खेळानेही हळूहळू ही वाट धरली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत न शिकलेलं शस्त्र उचलता येऊ लागलं, फक्त फाशातून चार वजा व्हायचे. २०१४च्या नियमांत ड्वार्फला अडचण नव्हती, पण हाफलिंगसारख्या लहान चणीच्यांनी लाँगबो घेतला तर दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. म्हणजे जिथे निम्मी शक्यता होती तिथे पाव उरते. २०२४च्या पुस्तकात चणीचा मुद्दाच काढला. चपळाईचा गुण तेरा असला की लाँगबो बिनदिक्कत चालवा. ‘जमणारच नाही’वरून ‘जमेल, पण किंमत आहे’वर येणं मला फार आवडलं. चपळाईऐवजी ताकद मागितली असती तर आणखी बरं झालं असतं.

या सगळ्यात ज्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला ते शस्त्र गोफण आहे. इतर शस्त्रं नाकारल्यावर उरली म्हणून ती क्लेरिक आणि हाफलिंगला मिळाली. २०१४च्या नियमांत तिचा नेमका पल्ला तीस फूट, लाँगबोचा दीडशे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमच्या आत्या माळ्यावर उभ्या राहून ज्वारीची पाखरं राखायच्या. गोफणीचा एक फास बोटात, दुसरं टोक चिमटीत, डोक्याभोवती एक-दोन गरके, आणि चिमूट सुटली की ढेकूळ शेताच्या पार टोकाला. तीस फुटांत त्यांचं एक पाखरू हललं नसतं. झेनोफनने इसवी सनापूर्वी ४०१च्या मोहिमेबद्दल लिहिलंय, की ऱ्होड्स बेटाच्या गोफणवाल्यांच्या शिशाच्या गोळ्या पर्शियन गोफणीच्या दुप्पट लांब जात. गोफण स्वस्त असते, पण तिचा नेम साधायला वर्षं लागतात. गरिबाचं शस्त्र कमजोरच असणार, असं नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं.

म्हणून आमच्या टेबलावर लाँगबोला ताकद पंधरा लागते, रेस कुठलीही असो. गोफणीचा पल्ला शंभर फूट, पण ती क्लासमध्ये शिकलेली नसेल तर जवळच्या मित्रालाही लागू शकते. जादूगाराच्या क्रॉसबोवर मात्र वाद चालू आहे. क्रॉसबोला फारसं शिक्षण लागत नाही, तेव्हा पोथ्यांत बुडालेल्या माणसाला तोच शोभतो, असं मी म्हणते. रेंजर, म्हणजे रानातला तिरंदाज, खेळणारा मुलगा ऐकत नाही. ‘‘मग मी कशाला आहे, ताई?’’ असं तो विचारतो, आणि त्याचंही म्हणणं मला मोडवत नाही.