पोपडा उलटून पाहा

पायाखालची जमीन : लेखांक ६

मागच्या लेखात कोबा पाहिला. त्याच कोब्यावर बसणारा इपॉक्सीचा थर आज पाहू, तोही गाड्या दुरुस्त होतात त्या गॅरेजमधला. तिथे ऑइल सांडतं, ब्रेक फ्लुइड ठिबकतं, हातातून पाने निसटतात आणि उन्हातून आलेली तापलेली चाकं तासन्‌तास एकाच जागी उभी असतात.

साधा रंग पाणी किंवा थिनर उडून वाळतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांची अभिक्रिया होते आणि ती पूर्ण झाली की थर दगडासारखा घट्ट होतो. म्हणून मिश्रणाचं प्रमाण अंदाजाने धरलं, तर जमीन चिकट राहते ती राहतेच. चालायला ती साधारण दिवसभरात तयार होते. पूर्ण ताकद यायला मात्र सुमारे सात दिवस लागतात. गाडी आत घ्यायची घाई इथेच नडते.

थर सुटू लागला की बहुतेक मालक मालाच्या दर्जाला दोष देतात. माझं म्हणणं असं, की आधी पोपडा उचलून त्याची पाठ पाहावी. पाठीवर सिमेंटची भुकटी चिकटलेली असेल, तर कोब्याचा वरचा पिठूळ भाग ग्राइंडरने काढलाच नव्हता. पाठ गुळगुळीत, स्वच्छ निघाली, तर थराने जमीन धरलीच नव्हती. घोटलेल्या किंवा तेल मुरलेल्या कोब्यावर हेच होतं. खाली ओल आणि जागोजागी फुगे दिसले, तर दोष जमिनीतून वर येणाऱ्या बाष्पाचा. तापलेलं टायर थराला मऊ करतं, थंड होताना आकसतं आणि असा कच्चा धरलेला थर ओढून काढतं. म्हणून पोपडे आधी चाकांच्या जागी निघतात.

ओल तपासायला प्लॅस्टिकचा दीड फुटी चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवावा. आतून थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर काम थांबवावं. कोकणात ही चाचणी मे महिन्यात घेणं फसवं आहे. तेव्हा कोरडी वाटणारी जमीन श्रावणात पाझरते. चाचणी पावसाळ्यात घ्या आणि काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा.

निगा सोपी आहे, पण रोजची. खडी-वाळूचे कण टायरखाली घासून चकाकी घालवतात, तेव्हा रोज मऊ झाडू फिरवावा. धुवायला सौम्य डिटर्जंट पुरतं. संडास धुण्याचं अ‍ॅसिड या जमिनीवर आणूच नये. ब्रेक फ्लुइड आणि बॅटरीचं अ‍ॅसिड सांडताक्षणी पुसावं. जॅक-स्टँडखाली प्लायचा तुकडा ठेवावा. शटरजवळ ऊन पडून थर पिवळा पडतो; तिथे वरून उन्हाला टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात द्यावा.

फक्त चकाकी गेली असेल, तर पॉलिश पेपर मारून वर एक कोट पुरतो. कोबा उघडा पडेपर्यंत थांबलात, तर कडेतून तेल आत शिरतं आणि मग घट्ट धरलेला थर लागेपर्यंत सगळं खरवडावं लागतं. ठिगळाचा रंग जुन्याशी जुळणार नाही. जुळवण्यात पैसे घालू नका, ते ग्राइंडिंगवर खर्च करा.