आधी श्वास, मग शटर

मालवणला जाऊन आलेल्या मित्राचं स्टेटस तुम्ही पाहिलंच असेल. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आणि बोटांनी केलेली ‘ओके’ची खूण. तो व्हिडिओ त्याने काढलेला नसतो. खाली नेणाऱ्या टीममधलं कुणीतरी तो काढतं आणि बोटीवरून उतरल्यावर मोबाईलवर देतं. मजा येते, नाही असं नाही. पण तो व्हिडिओ पाहताना तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला असेल : कॅमेरा आपल्या हातात असता तर?

यवतमाळ, पुसद किंवा वणीत बसून हा विचार जरा आगाऊच वाटतो. आपल्याला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. तरीही ही कला शिकता येते, आणि तिची बरीच तयारी इथेच करता येते.

शिकायचं कुठे?

लांब अंदमानला जायची गरज नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. धामणगाव किंवा वर्ध्याहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे रस्त्याने तारकर्ली. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे बेत दिवाळीनंतरचा करा.

एक फरक नीट समजून घ्या. पर्यटकांसाठीच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो. पोहता येत नसलं तरी चालतं, पण शिकणं फारसं होत नाही. ‘ओपन वॉटर’ हा खरा कोर्स. त्यात थिअरी, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. तो पूर्ण केला की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं जमावं लागतं. तब्येतीचा फॉर्मही भरावा लागतो. दमा, फिट येणं, कानाचं दुखणं यातलं काही असेल तर लपवू नका. गाठ पाण्याशी आहे.

हातातली सवय मोडा

मोबाईलवर फोटो काढताना स्वतःकडे लक्ष द्या. बटण दाबायच्या क्षणी आपण श्वास रोखतो. हात हलू नये म्हणून ही सवय लागलेली असते आणि जमिनीवर ती कामाचीच आहे. पाण्याखाली मात्र हीच सवय जिवावर बेतू शकते.

कारण अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. समुद्रात १० मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली, श्वास रोखला आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही रोखायचा नाही. बरं, छातीत हवा भरून ठेवली की शरीर आपोआप वर जायला लागतं, म्हणजे फ्रेमही हातची जाते.

त्यामुळे पहिल्या काही डाइव्हमध्ये कॅमेरा वरच ठेवा. आधी पाण्यात एका जागी, ना वर ना खाली, तरंगत राहणं शिका. ते संथ श्वासाने जमतं. जमलं की मग कॅमेरा मागा.

निळा फोटो का येतो?

पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवरच लाल फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून समोरचा लालभडक मासा फोटोत करडा दिसतो. यावर तीन उपाय आहेत : खोली बदलली की पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स सेट करा, लाल फिल्टर लावा किंवा स्वतःचा उजेड घेऊन जा.

उजेड कॅमेऱ्याला चिकटवून लावला तर पाण्यातले कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून बाजूला, लांब धरायचा. आणि झूम विसरा. मधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ; विषयापासून मीटरभराच्या आत जा.

फ्रान्समध्ये लुई बूताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा एका फोटोला अर्ध्या तासापर्यंत एक्स्पोजर लागायचं. आज तुमच्याकडे सेकंदाचा शंभरावा भाग आहे. घाई कशाची?

घाईचं बिल प्रवाळ भरतं

मीटरभर जवळ जायचं म्हटलं की धोका सुरू होतो. ज्याला तरंगता येत नाही तो आधारासाठी खडकाला हात लावतो, त्यावर उभा राहतो. तो ‘खडक’ बऱ्याचदा जिवंत प्रवाळ असतो, म्हणजे लहान प्राण्यांची वसाहत. तिच्या काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तुमच्या फिनचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडतो.

मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. कठीण प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. टिपेश्वरच्या जंगलात वाघाच्या अंगावर हात ठेवून फोटो काढायचा विचार कुणी करणार नाही. इथेही तोच हिशेब लावा. मासे फ्रेममध्ये यावेत म्हणून त्यांना पाव-बिस्किटंही टाकू नका.

इथे बसून काय करता येईल?

पहिलं, पोहायला शिका, पण जलतरण तलावात आणि शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. नदी, धरण, खदान नको. दर पावसाळ्यात पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतोच.

दुसरं, मित्राचा अ‍ॅक्शन कॅमेरा मिळाला तर त्याच तलावात सराव करा. केस वापरणार असाल तर आधी आत नुसता टिश्यू पेपर ठेवून ती पाण्यात बुडवा. रबरी रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. मोबाईल पाऊचमध्ये ठेवून वापरणार असाल तर पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही. आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सेटिंग आधीच करून ठेवा.

तिसरं, पैसे. कोर्सचा खर्च हजारांत जातो, हे खरंच आहे. म्हणून महागड्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवू नका, कोर्ससाठी साठवा. कॅमेरा उसना मिळतो, पाण्यात तोल सांभाळणं उसनं मिळत नाही.

आणि परतीचं तिकीट काढताना एक दिवस हातचा ठेवा. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. रस्त्याने घाट चढून येणार असाल, तरी निघण्याआधी प्रशिक्षकाला विचारून घ्या.

तोवर एक सराव आजपासूनच सुरू करा, फुकटात. पुढचा फोटो काढताना, मग तो कॅन्टीनमधल्या चहाचा का असेना, श्वास रोखू नका. सोडत सोडत बटण दाबा. पहिले काही फोटो हलतील. हलू द्या.