वजन उतरले की लोक बोलतात

आपल्याकडे माणसाचे वजन हळूहळू वाढत असते तेव्हा कोणी फारसे बोलत नाही. तेच सहा-सात किलोंनी उतरले, की एसटी स्टँडपासून किराणा दुकानापर्यंत जो तो थांबवून विचारतो. "काय हो, शुगर निघाली का?" "वहिनी, किती वाळलात! घरी सगळं ठीक ना?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट नसते. परंतु कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा चढते, त्यामागे भजी-जिलेबीइतकाच या बोलण्याचाही हात असतो, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे. म्हणून आज या बोलण्याविषयीच लिहितो.

'तब्येत' या शब्दाची गंमत

आपली भाषाच पाहा. अंगाने भरलेल्या माणसाला आपण 'तब्येतीने चांगला' म्हणतो, 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. बारीक झालेल्याला मात्र वाळलेला, सुकलेला, खंगलेला असे शब्द. याला कारण आहे. आपल्या मागच्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे आजही घरोघरी आहेत. क्षयरोगाच्या तर नावातच झिजणे आहे, आणि १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत त्यावर खात्रीचे औषध नव्हते. १९९० नंतरच्या काळात कोणी बारीक झाला की लोक एड्सची कुजबुज करीत. थोडक्यात, वजन उतरणे म्हणजे संकट, ही भीती अनुभवातून आलेली आहे. आज मात्र गावोगावी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार वाढले आहेत, आणि यांपैकी अनेक रुग्णांना वजन उतरवण्याचा सल्ला आम्हीच देतो. आजार बदलले, पण आपले शब्द तेच राहिले.

दोन रुग्ण

एक शिक्षक, वय ४८, वजन ८४ किलो. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४ होती. त्यांनी रात्रीचा भात कमी केला, चहातली साखर सोडली, रोज पाऊण तास चालू लागले. सात महिन्यांत वजन ७६ वर आणि सरासरी साखर ६.६ वर आली. दिवाळीत गावी गेले. आई पाहून रडू लागली, "लेकरा, काय दशा करून घेतलीस!" शेजारी म्हणाले, "सर आतून पोखरले गेलेत." गुरुजी घाबरले. ताकदीसाठी डिंकाचे लाडू सुरू झाले, चालणे बंद पडले. होळीपर्यंत वजन ८२ आणि सरासरी साखर ८.१!

दुसऱ्या रुग्ण एक पंचावन्न वर्षांच्या बाई. चार महिन्यांत त्यांचे सात किलो वजन उतरले. हळदीकुंकवाला सगळ्या जणी म्हणाल्या, "काय सुंदर बारीक झालात, आम्हालाही सांगा की काय करता ते!" त्या काहीच करीत नव्हत्या. तहान फार लागे, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे, पण कौतुक ऐकून त्याही खूश होत्या. पायाची जखम भरत नाही म्हणून आल्या, तेव्हा साखर ३८० निघाली.

ज्यांना लोकांनी घाबरवले ते सुधारत होते. ज्यांचे लोकांनी कौतुक केले त्या आजारी होत्या. तेव्हा पहिली गोष्ट पक्की करा. लोकांचे बोलणे हे निदान नव्हे.

स्वतःला एक प्रश्न विचारा

कोणी 'वाळलात' म्हणाले की रागावू नका, घाबरूही नका. स्वतःला विचारा, "हे वजन मी उतरवले, की आपोआप उतरले?"

खाण्यात बदल केला असेल, चालणे वाढवले असेल आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेताने वजन उतरत असेल, तर ती तुमची कमाई आहे.

परंतु काहीच न करता सहा ते बारा महिन्यांत वजनाच्या पाच टक्के किंवा अधिक घट झाली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर तपासणी करून घ्या. भूक-तहान फार लागणे, संध्याकाळी येणारा ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, छातीत धडधड, गिळताना त्रास, शौचावाटे रक्त, कुठेही गाठ, सतत उदास वाटून अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काही सोबत असेल तर मुळीच वेळ काढू नका. मधुमेह, क्षय, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य अशी कारणे त्यामागे असू शकतात. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. अशा वेळी 'काय झालं हो?' असे विचारणाऱ्या शेजाऱ्याचे आभारच मानावेत.

बोलण्यात तथ्य असते तेव्हा

*"चेहरा उतरला."* हे अनेकदा खरे असते. गालांच्या कातडीखालची चरबी कमी होते आणि सैल झालेल्या कातडीला आवळून यायला काही महिने लागतात. पन्नाशीनंतर ती पूर्वीइतकी आवळत नाही. पोट सदऱ्याखाली झाकलेले असते, चेहरा उघडा असतो. म्हणून लोकांना आधी चेहराच दिसतो. हा आजार नव्हे.

*"केस किती गळले!"* फार झपाट्याने वजन उतरवले, जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी कमी पडली, तर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. आहार सुधारला की बहुधा पुन्हा येतात. उपाशी राहून वजन उतरवू नये, याची ही सूचना समजा. झपाट्याने वजन उतरवल्याने पित्ताशयात खडेही होऊ शकतात.

*"अगदी गळून गेल्यासारखा दिसतोस."* मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर हे हसण्यावारी नेऊ नका. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. घाम फुटणे, हात थरथरणे, उठताना चक्कर येणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना भेटून डोस तपासून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

*"मुळात तू जाड कुठे होतास?"* याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची सुमारे ९ टक्के, याज्ञिकांची २१! आपल्या लोकांत चरबी अशी लपून, विशेषतः पोटात साठते. म्हणून कंबर मोजा. भारतीय पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

आणि थोडे उतरले तरी फायदा मोठा असतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन सात टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्यातून दीडशे मिनिटे व्यायाम असे ध्येय दिलेल्या गटात, सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

उत्तर काय द्यावे?

काळजी करणाऱ्याला: "नाही मामा, आजारी नाही. मुद्दाम उतरवलंय. शुगरही उतरली." एवढे पुरे. काय खाता, काय सोडले याचा पाढा वाचू नका. प्रत्येक तपशिलातून नवा वाद निघतो.

आग्रह करणाऱ्याला: "काकू, पुरणपोळी सुरेख झालीय. अर्धी खाल्ली, पोट भरलं." हाताचे कौतुक करावे आणि ताटावर हात आडवा धरावा. "मला बंद आहे" म्हटले, की "एका दिवसानं काय होतंय?" हे ठरलेलेच.

टोमणा मारणाऱ्याला: "वाऱ्यानं उडशील रे!" यावर हसून म्हणावे, "उडालो तर धरा दाजी! बरं, सोयाबीनला भाव काय मिळाला?" टोमण्याला उत्तर नको, विषय बदला.

खोदून विचारणाऱ्याला: "डॉक्टरांना दाखवलंय, त्यांचं लक्ष आहे." खरोखर आजारी असलात तरीही आपला आजार चौकात सांगण्याचे बंधन कोणावर नाही.

घरच्यांचे मात्र असे एका वाक्यात भागत नाही. स्वयंपाक आई किंवा पत्नी करते, तिची भीती गेली नाही तर तूप ताटात येणारच. पुढच्या वेळी त्यांना सोबत घेऊन या. आधीचा आणि आताचा रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवला, की "वाळला" म्हणणारी आईच पुढे "भाकरी एकच घे" म्हणू लागते.

कौतुकही जपून

लग्नाच्या वयाच्या मुलींना "बारीक झालीस, छान दिसतेस" ही शाबासकी फार गोड लागते. मग आणखी कौतुकासाठी जेवण टाळणे सुरू होते. पाळी अनियमित होणे, जेवल्यावर उलटी काढणे, सतत वजनाचाच विचार करणे, असे दिसले तर घरच्यांनी न रागावता मुलीला डॉक्टरांकडे न्यावे.

नोंदवही ठेवा

एक साधी वही करा. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन घ्या. महिन्यातून एकदा कंबर, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा साखर व रक्तदाब. रोज वजन करू नका. पाण्याने आणि मिठाने ते किलोभर इकडेतिकडे होतेच. कोणी काही बोलले आणि मन डळमळले, की वही उघडून पाहा. वहीत काही विचित्र दिसले तर ती घेऊन दवाखान्यात या.

शेवटी, बोलणाऱ्यांसाठीही एक विनंती. समोरच्याचे वजन का उतरले हे आपल्याला ठाऊक नसते. तो पथ्यावर असेल, दुःखात असेल, एखाद्या आजाराचे उपचार घेत असेल. तेव्हा "वाळलात" नको आणि "छान बारीक झालात" हेही नको. "बऱ्या आहात ना?" एवढेच विचारावे, आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटे थांबावे.