आल्प्सपलीकडची घंटा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकच्या गोल्फ मैदानावर हिमालयही आहे आणि आल्प्सही. हिमालय पाचव्या होलवर, आल्प्स सतराव्यावर. दोन्ही म्हणजे गवत माजलेल्या वाळूच्या टेकड्या. आपल्याला नावं ऐकून हसू येतं. मेहुणा मात्र सतराव्यापर्यंत हसायचा थांबला होता.

मी खेळत नाही, नुसता मागून चालतो. हे होल जेमतेम ३९० यार्डांचं, पार चार. मेहुण्याचा पहिला फटका बरा पडला. आता समोर टेकडी आणि वर आभाळ. ग्रीन नाही, झेंडा नाही. मेहुणा वर चढून बघून आला. पलीकडच्या उताराखाली ‘सहारा’ नावाचा वाळूचा भलामोठा खड्डा आणि त्याला खेटून ग्रीन. खाली येईपर्यंत डोळ्यांतलं अर्धं चित्र पुसलं गेलं होतं.

इथला हिशोब तिरका आहे. लांबून मारायचं तर मोठा क्लब लागतो आणि चेंडू खाली उतरल्यावर पळतो. टेकडीच्या फार जवळ गेलं तर तो माथ्यावरून जाईल इतका उंच उचलावा लागतो. ‘सहारा’ चुकवायचा म्हणून जरा जास्त मारावं, तर चेंडू ग्रीन ओलांडणार. हे असं कोणी मुद्दाम रचलेलं नाही. टॉम मॉरिसने १८५१ मध्ये इथे बारा होल आखले तेव्हा टेकड्या हलवायला यंत्रं कुठे होती? १८६० ला पहिली ओपन स्पर्धा झाली, आठच खेळाडू होते, तेव्हा आल्प्स दुसरं होल होतं. पुढे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने लाँग आयलंडवर त्याची नक्कल केली.

आंधळ्या फटक्याला नशिबाचा खेळ म्हणतात. मला ते पटत नाही. क्लबची पिशवी वाहणाऱ्या कॅडीला पलीकडचं सगळं पाठ होतं. त्याने सहा नंबरचा क्लब पुढे केला. मेहुण्याने सात काढला.

“भाऊजी, तुम्ही वर थांबा. कुठे पडतोय ते बघा.”

चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर टेकला, क्षणभर थांबला आणि सावकाश मागे घरंगळला. खालून मेहुणा हात उंचावून विचारत होता. कॅडीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सँड वेज बाहेर काढली.

दोन फटक्यांत वाळूतून सुटका, ग्रीनवर आणखी दोन. सहा. ग्रीन सोडताना मेहुण्याने मागच्यांसाठी घंटा वाजवली. टेकडीआडून ‘टक्’ असा आवाज आला आणि आम्ही तिघंही माना वर करून उभे राहिलो.