शर्यतीच्या होडीला निवांत कसं करायचं?

मोशी-चिखलीच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींना घाटातला शर्यतीचा गाडा आणि घरची बैलगाडी यातला फरक सांगायला नको. शर्यतीचा गाडा हलका, एक फळी जास्तीची नाही. त्यात बसून कुणी माहेरी जात नाही! शिडाच्या होड्यांचंही तसंच आहे बरं का.

'एंटरप्राइज' नावाची शर्यतीची होडी जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने 1956 मध्ये आखली. सव्वातेरा फूट लांब, निळी शिडं, चालवायला दोघं. 1982 च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा याच होडीत कराचीच्या गोशपी आवारी यांनी पती बैराम यांच्यासोबत सुवर्णपदक मिळवलं. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेत मुलीही शिडाच्या होड्या शिकत आल्या आहेत. त्यातल्या कितीतरी जणी आज चाळिशी-पन्नाशीत असतील. गुडघे कुरकुरतात, जोडीला कुणी मोकळं नसतं. पण एकटीनं दोन तास पाण्यावर जावंसं वाटतंच ना! त्यासाठी नवी होडी कशाला? जुनीच जरा बदलून घ्यावी.

बदल का करायचा, ते आधी समजून घेऊ. वारा शिडाला ढकलतो तशी होडी कलते. शर्यतीत दोघं काठावर बसून, अंग बाहेर झोकून तिला सरळ ठेवतात. एकटी असाल तर निम्मं वजन गेलं, शीड मात्र तेवढंच राहिलं. मग पहिल्याच झोताला होडी आडवी! म्हणून सगळ्यात आधी शीड लहान करता आलं पाहिजे. मोठ्या शिडावर, खालच्या कडेपासून वर, आडव्या ओळीत मजबूत भोकं आणि दोऱ्या लावून घेतात. वारा वाढला की शीड थोडं खाली घ्यायचं आणि खालचा भाग गुंडाळून बांधायचा, साडी वर खोचतो तसं. अशा दोन ओळी हव्यात. काम शिडं शिवणाऱ्याकडूनच करून घ्या. मांडवाचं कापड शिवणारा ते स्वस्तात करून देईल, पण शिडाचा बाक बिघडेल.

पुढचं छोटं शीड काढूनच टाकावं असं अनेकींना वाटतं. मला ते पटत नाही. ते नसलं की होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते आणि सुकाणू ओढून हात भरून येतो. त्यापेक्षा आणखी लहान शीड लावावं, आणि त्याच्या दोऱ्या बसल्या जागी हाताशी येतील अशा घ्याव्यात. सुकाणूच्या दांड्याला ताणणारी रबरी दोरी अडकवली की चहाचा थर्मास उघडण्यापुरता हात मोकळा होतो. (हा शोध कुणा बाईनेच लावला असणार!)

खरी काळजी उलटण्याची. जुन्या होड्या उलटून सरळ केल्या तरी पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात, आणि एकटीनं बादलीने उपसणं जमत नाही. त्यासाठी आत दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या घट्ट बांधतात, म्हणजे पाण्याला जागाच कमी उरते. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारा गोळा बसवला तर होडी पुरती पालथी होत नाही, आडवी राहते. धरून वर चढायला एक गाठींची दोरी हवी. वल्ही आणि छोटा नांगर शर्यतवाले वजन म्हणून टाळतात, आपण न्यायचेच. वारा पडला तर घरी कसं येणार?

हे सगळं झालं की छातीभर पाण्यात, जाणकार माणूस जवळ उभा करून, होडी मुद्दाम उलटवायची आणि स्वतः सरळ करायची. तीनदा जमलं नाही तर एकटीनं निघायचं नाही. लाजायचं काय त्यात!

इंद्रायणी मोशीच्या अंगणात आहे खरी, पण आळंदीला तिच्यावर येणारा फेस पाहिल्यावर तिच्यात उतरा असं कोणत्या तोंडाने सांगू? धरणाच्या पाण्याचा विचार करा, जलसंपदा खात्याकडे परवानगीची चौकशी आधी करा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी नि वारा दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा नको. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालायचं, होडीत ठेवून द्यायचं नाही. आणि घरी फ्रिजवर चिठ्ठी: कुठे गेले, किती वाजता परतणार, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा.