कीर्तिमंदिर आणि न मोजलेले कर्तृत्व

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कॅन्टन या शहरी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कीर्तिमंदिर, १९६३ पासून उभे आहे. (चेंडू हाती घेऊन धावण्याचा व फेकण्याचा हा खेळ, आपल्याकडील फुटबॉलशी त्याचे साम्य नावापुरतेच.) निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटली म्हणजे खेळाडू विचारार्थ पात्र होतो, आणि अखेरच्या मतदानात सामान्यतः ८० टक्के मते मिळाल्यावाचून त्याला प्रवेश नाही. हा निकष कठोर असला तरी अन्याय्य म्हणता येणार नाही. अन्याय घडतो तो मतदानाच्या पुष्कळ आधी, कर्तृत्वाच्या नोंदीत. आणि नोंद हा प्रथमतः नामकरणाचा प्रश्न असतो.

'सॅक' या शब्दाचे उदाहरण पाहावे. चेंडू फेकू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला, फेक होण्यापूर्वीच, त्याच्या रेषेमागे पाडणे म्हणजे सॅक. ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय डीकन जोन्स या बचावपटूला दिले जाते. तो १९७४ साली निवृत्त झाला. लीगने सॅकची अधिकृत गणना सुरू केली ती १९८२ पासून! ज्याने क्रियेला नाव दिले त्याच्याच नावापुढे अधिकृत नोंदवहीत आकडा नाही. जोन्सला १९८० सालीच प्रवेश मिळाला, कारण त्याची ख्याती आकड्यांवर अवलंबून नव्हती. पिट्सबर्गचा एल. सी. ग्रीनवुड मात्र १९६९ ते १९८१ या काळात हेच काम करीत राहिला, चार अजिंक्यपदांत सहभागी झाला, सहा वेळा अंतिम यादीपर्यंत पोहोचला, आणि २०१३ साली मृत्यू आला तेव्हा मंदिराबाहेरच होता. जुन्या सामन्यांची छाननी करून संशोधकांनी १९६० पासूनच्या सॅकची अनधिकृत गणना प्रसिद्ध केली ती २०२१ साली.

ज्या कामाला नाव आहे पण सर्वमान्य माप नाही, त्याची गत याहून बिकट. ग्रीन बेचा जेरी क्रेमर हा 'गार्ड'. आपल्या सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हे त्याचे काम. लीगच्या पहिल्या पन्नास वर्षांतील सर्वोत्तम संघात १९६९ साली त्याची निवड झाली, तरी कीर्तिमंदिरात तो गेला २०१८ मध्ये. धावणाऱ्याचे यार्ड मोजले जातात. वाट करून देणाऱ्याचे श्रम मतदाराच्या स्मृतीवर सोडलेले असतात, आणि मतदारांच्या पिढ्या बदलतात.

म्हणूनच ज्येष्ठ खेळाडूंसाठी स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो. परंतु २०२५ च्या निवडीपासून तीन ज्येष्ठ खेळाडू, एक प्रशिक्षक व एक संघटक अशा पाच जणांना एकाच गटात घालून प्रत्येक मतदाराला तिघांचीच निवड करावयास लावले गेले. मतदार पन्नास धरले तर मते दीडशे. ती समसमान विभागली तर प्रत्येकास तीस, आणि हवी असतात चाळीस. त्या वर्षी या गटातून एकटा स्टर्लिंग शार्प निवडला गेला. प्रशिक्षकाचे कार्य आणि खेळाडूचे कार्य एकाच तराजूत तोलण्यास आधार कोणता, याचे उत्तर नियमांत सापडत नाही.